चिटाचा झगा

मंडळी, उन्हाळी झग्याला चिटासारखं कापड नाही. हलकं, घाम टिपणारं, बेतायला सोपं. हे छापील सुती कापड मूळचं आपलं. इंग्लंडात ते इतकं खपलं की तिथल्या विणकरांच्या ओरडीमुळे १७२१ साली त्याच्या वापरावरच बंदीचा कायदा झाला! पुढे गिरण्या आल्या आणि मँचेस्टरचं चीट आपल्याच बाजारात येऊन बसलं. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. सावरकर पुढे होते, टिळक हजर होते. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं. तिथे बायका लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणही शिकल्या. स्वतःच्या पायावर उभं राहायला ते उपयोगी पडलं. वर्गात होळीचा धडा होतो, शिवणाचा होत नाही. नातींनो, झगा बेताल तेव्हा दोन्ही आठवा.