बस कंट्रोलर मॉड्यूल म्हणजे काय? स्टक्सनेट व्हायरस नेमका तेच का शोधत होता?

जून २०१० मध्ये बेलारूसमधल्या 'व्हायरसब्लॉकअडा' या अँटिव्हायरस कंपनीला एक विचित्र व्हायरस सापडला. पुढे तो 'स्टक्सनेट' म्हणून जगभर गाजला. तो हजारो कॉम्प्युटरमध्ये शिरला होता, पण बहुतेक ठिकाणी त्याने काहीच बिघडवलं नाही. कारण त्याला हवी असलेली वस्तू तिथे नव्हती. त्याला हवा होता सीमेन्सचा एस७-३१५ हा पीएलसी आणि त्याच्याच रॅकमध्ये बसवलेलं 'सीपी ३४२-५' नावाचं मॉड्यूल.

हे मॉड्यूल करतं काय?

पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा दणकट, छोटा कॉम्प्युटर. मोटर कधी सुरू करायची, व्हॉल्व्ह कधी बंद करायचा, हे तो ठरवतो. पण मोटर असते शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. प्रत्येक मोटर आणि सेन्सरसाठी वेगळी वायर ओढायची म्हटली तर पॅनलमध्ये वायरींचं जंजाळ होईल. म्हणून सगळ्यांमध्ये मिळून एकच केबल टाकतात. तिलाच 'बस' म्हणतात. ही बस म्हणजे आपली लालपरी नव्हे, पण दोन्हींचं नातं आहे. दोन्ही शब्द आले लॅटिनमधल्या 'ऑम्निबस'वरून, म्हणजे 'सर्वांसाठी'.

एकाच केबलवर सगळे एकदम बोलू लागले तर कुणाचंच कळणार नाही. तिथे लागतो बस कंट्रोलर. सीपी ३४२-५ 'प्रोफिबस डीपी' या पद्धतीच्या बसवर हे काम करतं. ते प्रत्येक उपकरणाला त्याच्या पत्त्यावरून हाक मारतं आणि आदेश देतं. उपकरण लगेच आपली स्थिती कळवतं. मग पुढचा नंबर. हाक आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. वर्गातली हजेरीच म्हणा, फक्त ती सेकंदात कितीतरी वेळा होते.

केबल मात्र नाजूक प्रकरण आहे. प्रोफिबसची ती जांभळी केबल १२ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाला एका सलग तुकड्यात फक्त १०० मीटर चालते. वेग कमी केला तर १,२०० मीटरपर्यंत जाते. दोन्ही टोकांना टर्मिनेशनचे रेझिस्टर लागतात, नाहीतर सिग्नल टोकावरून परत फिरतो आणि डेटा बिघडतो. बऱ्याच कनेक्टरवर यासाठी छोटा स्विच असतो. मधल्याच एखाद्या कनेक्टरचा स्विच चुकून 'ऑन' राहिला, की त्यापुढची उपकरणं गायब! मेंटेनन्सवाल्यांचा अर्धा दिवस मग तो स्विच शोधण्यात जातो.

आणि कंट्रोलरच गप्प झाला तर? उपकरणात 'वॉचडॉग' नावाचा टायमर असतो. तो सुरू ठेवलेला असेल आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही, तर उपकरण स्वतःहून सुरक्षित स्थितीत जातं.

म्हणजे गप्प बसणाऱ्या कंट्रोलरवर उपाय आहे. खोटं बोलणाऱ्यावर नाही. प्रोफिबसवर आदेश खरा की खोटा, हे पडताळण्याची सोयच नाही.

स्टक्सनेटने नेमकं हेच हेरलं. एका पीएलसीला जास्तीत जास्त सहा सीपी ३४२-५ आणि प्रत्येकावर ३१ उपकरणं, असा त्याचा हिशोब होता. ती उपकरणं म्हणजे फिनलंडची 'व्हेकॉन' आणि इराणची 'फरारो पाया' या दोन कंपन्यांचे फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी यंत्रं. असे किमान ३३ ड्राइव्ह सापडले तरच तो पुढे सरकायचा. आधी बराच काळ नुसतं निरीक्षण. मग मूळ प्रोग्राम बाजूला सारून मॉड्यूलमार्फत आदेश: फ्रीक्वेन्सी १,४१० हर्ट्झ. पुढच्या खेपेला थेट २ हर्ट्झ, मग पुन्हा १,०६४.

इराणच्या नतान्झ प्रकल्पात युरेनियम समृद्ध करणारे सेंट्रीफ्यूज अशाच ड्राइव्हवर फिरत होते. तिथले सुमारे १,००० सेंट्रीफ्यूज बदलावे लागले, असा अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायन्स अँड इंटरनॅशनल सिक्युरिटी' या संस्थेचा अंदाज आहे.

बसने तिचं काम चोख केलं होतं. ज्या पत्त्यावर जो आदेश द्यायचा, तो वेळेत पोहोचत होता. पीएलसीचा प्रोग्राम तपासूनही काही हाती लागलं नसतं. इंजिनिअरच्या कॉम्प्युटरमधली सीमेन्सची एक फाइल स्टक्सनेटने आधीच बदलली होती, त्यामुळे घुसवलेला कोड स्क्रीनवर दिसतच नव्हता.