मांडीवरून खुर्चीत

गणपतीला कोकणात निघालेली एखादी मोटार डोळ्यांसमोर आणा. डिकीत सामान, मागे आजी आणि मोठी मुले, वडील गाडी चालवताहेत आणि शेजारी आईच्या मांडीवर तान्हे बाळ. हे चित्र आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा दुसरी कुठली असणार? घरात, अंगणात, बैलगाडीत हे खरेच होते. धावत्या मोटारीत मात्र ते खरे नाही, आणि एवढी एक गोष्ट पटायला जगाला कित्येक दशके लागली. मोटारीत मुलांसाठी जी खास खुर्ची बसवतात, ज्याला आपण ‘चाइल्ड सीट’ म्हणतो, तिचा इतिहास म्हणजे या समजुतीशी झालेला झगडाच आहे.

गंमत अशी, की ही खुर्ची आली ती सुरक्षिततेसाठी नव्हे. १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘बनी बेअर’ कंपनीने मुलांसाठी मोटारीतले आसन विकायला काढले. हेतू एवढाच, की मूल जरा उंच बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे आणि ते आईवडिलांच्या नजरेसमोर राहावे. पुढे १९४० च्या दशकात धातूच्या चौकटीला कापड लावलेल्या खुर्च्या आल्या. त्या पुढच्या आसनाच्या पाठीला आकड्यांनी अडकवायच्या. काहींना खेळण्यातले स्टिअरिंगही असे. मूल चुळबूळ करीत नसे, हे खरे. पण गाडी कशावर आदळली, तर मुलासकट खुर्ची पुढे फेकली जाणार, हा विचार कोणी केला नव्हता.

तो विचार १९६२ मध्ये दोघांनी, दोन देशांत, वेगवेगळा केला. ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी मागच्या आसनावर बसवायची, पट्ट्यांनी मुलाला धरून ठेवणारी खुर्ची तयार केली. अमेरिकेत डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिन यांनी मुलाला संरक्षण देणारी धातूच्या चौकटीची खुर्ची घडवली. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन आणखी एक पाऊल पुढे गेले. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, म्हणजे प्रचंड जोर साऱ्या पाठीवर वाटला जातो, हे त्यांनी हेरले. मग बाळालाच उलटे, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवले तर? तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान कोवळी. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे जड डोके धडकेत पुढे हिसकले जाते. उलटे बसवले, तर डोके, मान, पाठ अशी सगळी खुर्चीत दाबली जातात आणि मानेवरचा ताण खूपच घटतो. आल्डमन यांनी १९६४ मध्ये अशा खुर्चीचा नमुना तयार केला. १९७२ मध्ये व्होल्व्हो कंपनीने अशी खुर्ची बाजारात आणली.

म्हणजे शास्त्र तयार होते, खुर्चीही होती. नव्हती ती लोकांची तयारी. इथे अमेरिकेतील टेनेसी राज्याची कथा सांगायला हवी.

तिथल्या मर्फ्रीसबरो गावी डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पोलिओसाठी आपण लस देतो. मग मोटार अपघातात मुले दगावतात, त्यावर खुर्ची हीच लस का मानू नये, असा त्यांचा रोख होता. पत्नी पॅट यांच्या साथीने त्यांनी आमदारांचा पिच्छा पुरवला. पहिला प्रयत्न फसला. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालील मुलांना खुर्चीत बसवणे टेनेसीत सक्तीचे झाले. अमेरिकेतला असा हा पहिलाच कायदा.

पण त्यात एक मेख राहून गेली. मूल मोठ्या माणसाने हातात धरले असेल तर चालेल, अशी सवलत आमदारांनी त्यात घातली. पुन्हा तीच आईची मांडी! डॉ. सँडर्स या सवलतीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. शब्द कठोर आहे, पण साधा हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी कशावर आदळली आणि तिचे नाक अर्धा मीटर चेपून ती थांबली, तर आतल्या वस्तूंवर त्यांच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोचे होते. सिमेंटची चार पोती! कोणत्या आईचे हात ती धरू शकतील? आणि आईने स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिचे सारे ओझे बाळावर येते. एकच पट्टा दोघांभोवती घेतला, तरी मधे चेंगरते ते बाळच. यात मायेची कसोटी लागत नाही. तो बळाचा प्रश्न आहे.

ही सवलत १९८१ मध्ये रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. त्याच १९८१ मध्ये तिथे खुर्च्यांची प्रत्यक्ष धडक देऊन चाचणी घेणे बंधनकारक झाले. चुका पुढेही झाल्या. १९९० च्या दशकात पुढच्या आसनावर उलट्या ठेवलेल्या खुर्चीवर एअरबॅग आदळून तान्ही मुले दगावली. ‘मुलांची जागा मागच्या आसनावर’ हा धडा अशी किंमत देऊन मिळाला. दोन वर्षांपर्यंत मूल उलटेच बसवावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये सांगितले. २०१८ मध्ये ही वयाची अटही काढून, खुर्चीच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत उलटेच बसवावे, असा सल्ला दिला.

आपल्याकडे १९८३ मध्ये मारुती आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि वेग वाढला. मूल मात्र मांडीवरच राहिले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची आवश्यक केली. नसेल तर हजार रुपये दंड. आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे वाहन दुचाकी. तिच्यासाठीही २०२२ मध्ये नियम झाला : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, डोक्यावर हेल्मेट आणि वेग ताशी चाळीसच्या आत.

नियम कागदावर आले, तरी खरी अडचण घरातच असते. बाळ खुर्चीत रडते आणि आजीचा जीव कळवळतो. “घे गं त्याला जरा मांडीवर,” असे ती म्हणतेच. अशा वेळी गाडी बाजूला सुरक्षित जागी थांबवावी. बाळाला खुर्चीतून काढावे, पाजावे, खांद्यावर घेऊन चार पावले फिरावे. ते शांत झाले, की पुन्हा खुर्चीत बसवून पट्टा नीट आवळावा आणि मगच गाडी सुरू करावी. गावी पोहोचायला अर्धा तास उशीर होईल, एवढेच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)