मुंबईचे सागवानी गलबत आणि व्हाल्परायसोचा किनारा

मुंबईच्या गोदीतून १८०५ साली छत्तीस तोफांचे एक लढाऊ गलबत पाण्यात उतरले. जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी वस्तादाच्या नजरेखाली ते घडले होते, आणि लाकूड अर्थातच साग. इंग्रजांच्या ओक लाकडाला कीड लागे, ओल लागे. मुंबईचा साग मात्र पन्नास पन्नास वर्षे समुद्राला दाद देत नसे. याच वाडियांच्या हातचे, १८१७ साली तरंगलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे, यावरून काय ते समजावे. आपल्या या गलबताचे आधीचे नाव 'पिट'. पुढे १८०७ साली ते बदलून 'डोरिस' झाले. त्याच घडणीचे मुंबईत बांधलेले दुसरे गलबत होते 'साल्सेट', म्हणजे आपली साष्टी! साष्टी बेटाचे नाव मिरवीत एक गलबत जगभर फिरले आणि त्याची आठवण साष्टीत कुणाला नाही, ही आपल्या इतिहासाची नेहमीचीच रीत.

परंतु आज मला सांगायची आहे ती गोष्ट 'डोरिस'ची, आणि तीही मुंबईतली नव्हे. पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, चिली देशाच्या किनाऱ्यावर व्हाल्परायसो नावाचे बंदर आहे, तेथली.

या नावाचा अर्थ लोक 'स्वर्गाचे खोरे' असा लावतात. हुआन दे साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश कप्तानाने १५३६ साली येथे पाय ठेवला. त्याने आपल्या स्पेनमधल्या जन्मगावाचे नाव या जागेला दिले, असे सांगतात. पाहायला गेले तर येथे खोरे नाही आणि स्वर्गही नाही. समुद्राला लागून जमिनीची एक चिंचोळी पट्टी आणि तिच्या पाठीशी चढत गेलेल्या पंचेचाळीस-एक उघड्या, तांबूस टेकड्या. बंदर म्हणावे तर तेही पुरे नाही. उत्तरेकडे तोंड करून उघडा पडलेला नुसता उपसागर! हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की नांगरलेली गलबते दोर तोडून किनाऱ्यावर आपटत. लाटा अडवणारा बांध झाला तो विसाव्या शतकात.

मग अशा जागेला स्वर्ग म्हणावे तरी कुणी? याचे उत्तर नकाशात नाही, खलाशाच्या अंगात आहे. पनामाचा कालवा होण्यापूर्वी युरोपातून पॅसिफिकमध्ये यायचे म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या शेपटाला, केप हॉर्नला वळसा घालणे आले. तेथे पश्चिमेचा वारा वर्षभर समोरून तोंडावर येतो. शिडे गोठून फळीसारखी ताठ होतात आणि डोलकाठीवर चढलेल्या माणसाची बोटे बधिर होतात. कित्येक गलबते आठवडेच्या आठवडे त्याच पाण्यात मागेपुढे होत राहात. अशा प्रवासानंतर ज्याला कोरडा किनारा, ताजे मांस, भाजी आणि गोडे पाणी दिसते, त्याला उघड्या टेकड्याही स्वर्गच वाटणार. डार्विनचे 'बीगल' २३ जुलै १८३४ च्या रात्री येथे नांगरले. दुसऱ्या दिवशी निळे आकाश पाहून त्या तरुण निसर्गशास्त्रज्ञालाही हेच वाटले. गाव म्हणजे किनाऱ्यालगतचा एकच लांब रस्ता, आणि जेथे टेकडीतून ओढा उतरतो तेथे दोन्ही बाजूंना रचलेली घरे, असे वर्णन त्याने केले आहे.

किनाऱ्यालगतचा एकच लांब रस्ता! खलाशाला बंदरातले शहर असेच दिसते. होडीतून धक्क्यावर उतरावे, त्या रस्त्यावरच्या गुत्त्यात बसावे, पगार उडवावा आणि झिंगत पुन्हा होडीत यावे. त्याने लिमा पाहिलेली असते, रिओ पाहिलेले असते, मुंबईही पाहिलेली असते, पण सगळ्या शहरांचा मिळून एकच रस्ता. टेकडीवर कोण राहते, काय खाते, कशाला भिते, हे त्याला कधी कळत नाही. आणि शहरालाही तो कळत नाही. त्याच्या खिशाचा तळ दिसेपर्यंतच शहराची त्याच्याशी ओळख.

मारिया ग्रॅहॅमची गोष्ट वेगळी झाली, ती याच कारणाने. ती येथे पाहुणी म्हणून आली आणि तिला राहावे लागले.

ही बाई मुंबईला अनोळखी नव्हे. तिचे वडील जॉर्ज डंडास आरमारातले अधिकारी. मुंबईच्या गोदीतील आरमारी कामांचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा मारिया त्यांच्याबरोबर निघाली आणि १८०९ साली मुंबईत उतरली. येताना गलबतावरच टॉमस ग्रॅहॅम नावाच्या तरुण स्कॉटिश अधिकाऱ्यावर तिचे मन बसले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात त्यांचे लग्न झाले. तिने घारापुरी पाहिली, कार्ल्याचे लेणे पाहिले, आणि १८१२ साली हिंदुस्थानातील आपल्या वास्तव्याची रोजनिशी छापली. डोळे उघडे ठेवून पाहायचे आणि पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, ही सवय तिला येथेच जडली असावी.

पुढे बारा वर्षांनी टॉमस ग्रॅहॅम 'डोरिस'चा कप्तान झाला. ज्या गोदीत सासऱ्याने अधिकार गाजवला तेथलेच गलबत जावयाच्या हाती आले! दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश वसाहती तेव्हा एकामागून एक स्वतंत्र होत होत्या. इंग्रजी व्यापाराला आपल्या तोफांची सावली असावी म्हणून 'डोरिस' तिकडे धाडण्यात आले. मारियाही बरोबर होती. ब्राझीलची बंदरे झाली आणि १८२२ च्या मार्चमध्ये गलबत हॉर्नच्या दिशेने निघाले. हॉर्नचा वळसा पुरा होतो न होतो तोच, एप्रिलमध्ये, कप्तान ग्रॅहॅम तापाने वारला.

समुद्रावर मेलेल्याला एरवी समुद्रच कबर देतो. येथे मात्र प्रेत गलबतावर ठेवले गेले आणि २८ एप्रिलला 'डोरिस' व्हाल्परायसोच्या उपसागरात आले. कॅथलिक स्मशानात प्रॉटेस्टंटाला जागा मिळत नसे. तरी नवऱ्याला तिने याच किनाऱ्यावर मूठमाती दिली. मग सर्वांनी तिला सांगितले, आता इंग्लंडला परत जा. छत्तीस वर्षांची विधवा, परका मुलूख, भाषा अर्धीमुर्धी. दुसरी कुणी परत गेली असती. मारियाने आल्मेंद्राल नावाच्या वस्तीत एक लहानसे घर भाड्याने घेतले आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या घोळक्यापासून दूर, चिलीच्या माणसांत ती राहू लागली. कुंभारणी मडकी कशी घडवतात, बाजारात काय विकायला येते, बायका घरात कशा वागतात, हे तिने टिपून ठेवले. धक्क्यावरच्या रस्त्यापलीकडचे शहर एका दर्यावर्दी माणसाच्या विधवेला दिसले.

येथे तिला मोठा स्नेही मिळाला तो लॉर्ड कॉक्रेन. इंग्लंडात शेअरबाजाराच्या एका प्रकरणात बदनाम होऊन आरमारातून काढला गेलेला हा धाडसी माणूस १८१८ साली चिलीला आला आणि त्या नव्या राष्ट्राच्या आरमाराचा सेनापती झाला. १८२० च्या ऑगस्टमध्ये सान मार्तीनची सेना पेरूच्या मुक्तीसाठी निघाली ती व्हाल्परायसोहूनच, आणि तिची गलबते कॉक्रेनच्या हुकमतीखाली होती. उत्तरेला किंतेरो येथे त्याची जमीन होती. मारिया तेथे पाहुणी असताना, १९ नोव्हेंबर १८२२ च्या रात्री दहानंतर, पृथ्वी हादरली.

व्हाल्परायसोचा मोठा भाग त्या रात्री कोसळला. माणसे उघड्यावर, तंबूत राहिली. धक्के दिवसेंदिवस येत होते. या गडबडीत मारियाने एक गोष्ट पाहिली आणि ती लिहून ठेवली. किनाऱ्यावरचे जे खडक एरवी पाण्याखाली असत ते आता कोरडे पडले होते. कालवे आणि शिंपले खडकाला चिकटलेले तसेच होते, पण मेलेले. सडलेल्या मासळीची दुर्गंधी सुटली होती. पाणी ओसरले नव्हते. जमीन वर आली होती, तीन-चार फूट! आणि त्याहून वर, जुन्या काळच्या किनाऱ्यांच्या रेषाही तिला दिसल्या. त्यांतही शिंपले होते. म्हणजे हे पूर्वीही घडले होते, पुन्हा पुन्हा घडले होते.

हे निवेदन १८२४ साली लंडनच्या भूविज्ञान परिषदेच्या ग्रंथात छापले गेले. त्या ग्रंथात स्त्रीचा लेख येण्याची ती पहिलीच वेळ. लायेलने आपल्या प्रसिद्ध भूविज्ञानाच्या ग्रंथात त्याचा आधार घेतला. पर्वत हे कुठल्याशा प्रलयात एकदम उभे राहिलेले नाहीत, जमीन हळूहळू, धक्क्याधक्क्याने चढत जाते, हा त्याचा सिद्धान्त; आणि त्याला डोळ्यांदेखतचा पुरावा हवा होता.

पण १८३४ साली परिषदेचे अध्यक्ष ग्रीनो यांनी भर सभेत हा पुरावा खोटा ठरवला. जमीन अशी वर येतच नाही, असे त्यांचे मत. आणि साक्ष तरी कुणाची, एका घाबरलेल्या बाईची! त्यांच्या बाजूला एक साक्षीदारही होता. ह्यू क्युमिंग हा शिडे शिवणारा कारागीर व्हाल्परायसोत राहात होता आणि शंखशिंपले गोळा करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्या खडकांवर तो रोज जाई तेथे त्याला काहीच बदल दिसला नव्हता. एकच किनारा, दोघेही तेथले रहिवासी, दोघेही शिंपल्यांकडे पाहणारे, आणि साक्षी उलट!

मारियाने तोवर दुसरा विवाह केला होता. चित्रकार कॉलकॉट हा तिचा नवरा. क्षयाने ती अंथरुणाला खिळली होती. नवरा आणि भाऊ ग्रीनोला द्वंद्वाचे आव्हान द्यायला निघाले, तेव्हा 'माझी लढाई मला लढता येते' अशा अर्थाचे बोलून तिने दोघांना गप्प बसवले, असे सांगतात. १८३५ साली तिचे उत्तर प्रसिद्ध झाले. मी काय पाहिले ते मी सांगितले आहे. सिद्धान्ताशी मला कर्तव्य नाही, असा त्याचा रोख होता.

आणि निकाल लागला तो पुन्हा चिलीच्या किनाऱ्यावरच. २० फेब्रुवारी १८३५ रोजी कोन्सेप्सियोन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. 'बीगल' जवळच होते. कप्तान फिट्झरॉयने सांता मारिया बेटावर मोजमाप केले, तर मेलेले शिंपले भरतीच्या रेषेपासून आठ ते दहा फूट वर खडकाला चिकटलेले! डार्विनने हा पुरावा लंडनला नेला. गंमत अशी की, व्हाल्परायसोत असताना डार्विन उतरला होता तो आपल्या शाळासोबत्याच्या घरी, त्याच आल्मेंद्रालमध्ये; आणि ही वस्ती अलीकडेपर्यंत समुद्राचा किनारा होती, हे त्यानेही टिपून ठेवले होते. २७ फेब्रुवारी २०१० च्या भूकंपात तेच सांता मारिया बेट पुन्हा वर उचलले गेले. भूविज्ञान परिषदेने मात्र स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ साली.

मारियाचे म्हणणे टिकले, कारण तिच्या हाती लेखणी होती. 'डोरिस'वरच्या इतर शेकडो खलाशांनीही तो किनारा पाहिला. त्यांची साक्ष कुणी घेतली नाही. इतिहासात खलाशी येतो तो बहुधा मेल्यावर. १८९१ च्या १६ ऑक्टोबरला 'बाल्टिमोर' या अमेरिकी युद्धनौकेचे शंभरावर खलाशी सुट्टीवर व्हाल्परायसोत उतरले. चिलीत नुकतीच यादवी संपली होती आणि अमेरिकेविषयी लोकांच्या मनात राग होता. 'ट्रू ब्लू' नावाच्या गुत्त्यापाशी भांडण पेटले आणि दोन खलाशी प्राणास मुकले. दोन राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर आली. शेवटी चिलीने ७५,००० डॉलर भरपाई दिली आणि प्रकरण मिटले. धक्क्यावरच्या त्या एका रस्त्यापलीकडचे शहर त्या दोघांना काय ठाऊक असणार? आणि ते कोण कुठले, हे मारणाऱ्यांना तरी कुठे ठाऊक होते?

त्यानंतर व्हाल्परायसोचे दिवस पालटले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा भूकंप झाला. सुमारे तीन हजार माणसे दगावली. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामाचा कालवा खुला झाला आणि हॉर्नची वाट ओस पडली. कृत्रिम खते निघाली तशी चिलीच्या सोऱ्याची शिडाची गलबतेही संपली. टेकड्यांवर चढणारे, दोरावर ओढले जाणारे पाळणे मात्र राहिले. त्यांतला पहिला १८८३ सालचा. २००३ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. आता प्रवासी मुद्दाम टेकडीवर जातात आणि खाली समुद्राकडे पाहतात.

मारिया १८२३ च्या जानेवारीत कॉक्रेनबरोबर ब्राझीलला निघून गेली. नवरा त्या किनाऱ्यावरच राहिला. आणि 'डोरिस'? ते गलबत पुढे काही वर्षे त्याच पाण्यात फिरले, आणि १८२९ साली व्हाल्परायसोतच विकून टाकण्यात आले. मुंबईच्या गोदीत घडलेला साग शेवटी ज्या किनाऱ्याला लागला, तेथेच त्याच्या कप्तानाची माती होती.