म्हातारचळ की आजार?

म्हातारं माणूस विसरायला लागलं की आमच्या कोरीटला निकाल ठरलेला: साठी बुद्धी नाठी! तुम्ही मेंदूवर संशोधन करणार असाल तर हसू नका. १९६०च्या दशकापर्यंत बरेच डॉक्टरही हेच मानत.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. १९०६ मध्ये ती वारली. अलोइस अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू तिकडे मागवला. काप रंगवून पाहिले तर पेशींबाहेर साचलेले प्लाक आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरचं नाव दिलं, पण ऐन उमेदीत होणारा दुर्मीळ आजार म्हणून. घोळ झाला तो इथेच. म्हाताऱ्यांचं विसरणं ‘वयाचं’ म्हणून बाजूला पडलं ते जवळजवळ अर्धं शतक.

१९६८ साली न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूतले प्लाक चक्क मोजले. जिवंतपणी बुद्धी जितकी ढासळलेली, तितके प्लाक जास्त. (हा सहसंबंध आहे, कार्यकारण नाही, व्हायवात हमखास विचारतात.) १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड बीटा वेगळं केलं, गुंत्यातलं टाऊ प्रथिन लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत सापडलं.

आता आपल्याकडचा आकडा बघा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत चाळिशीपुढची २४,४८८ माणसं होती. पासष्टीपुढच्यांत डिमेन्शिया निघाला सुमारे २.४ टक्क्यांना. वयच कारण असतं तर बाकीचे ९७ कसे सुटले? रुग्णांत सर्वाधिक अल्झायमरचे होते, त्याखालोखाल मेंदूचा रक्तपुरवठा बिघडलेले.