दुपारी बाराची घंटा

माझं लहानपण वसईत गेलं. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की आमच्याकडे पानं मांडली जायची. या घंटेचा धागा थेट हंगेरीच्या सरहद्दीवरच्या एका किल्ल्याशी जुळतो, हे मला फार उशिरा कळलं.

साल १४५६. डॅन्यूब आणि सावा नद्यांच्या संगमावरचं बेलग्रेड आज सर्बियाची राजधानी आहे; तेव्हा ते हंगेरीच्या राज्याचं दक्षिणद्वार होतं. तीनच वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपल जिंकलेला सुलतान दुसरा मेहमद जुलैत तोफा घेऊन इथं येऊन ठेपला. पोपनं जूनअखेरीस फर्मान काढलं, की सर्वत्र दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करावी. पुढे अनेक गावी विजयाची बातमी आधी किंवा सोबतच पोचली आणि लोक तिला विजयाची घंटा समजू लागले!

किल्ल्याच्या मदतीला बडे सरदार फारसे आलेच नाहीत. आला तो हुन्यादी यानोश, आणि सत्तरीचा संन्यासी कापिस्त्रानो. त्याच्यामागे विळे, कोयते, गोफणी घेतलेले हजारो शेतकरी. १४ जुलैला त्यांनी नदीतली साखळदंडांनी बांधलेली तुर्की जहाजांची फळी फोडली. २१ तारखेच्या रात्री जानिसरी आत घुसले, तेव्हा रक्षकांनी डांबर लावलेल्या पेटत्या मोळ्या खंदकात लोटल्या. दुसऱ्या दिवशी हुकूम नसताना शेतकरी बाहेर पडले, आणि त्या रेट्यात तुर्कांची छावणी मोडली. सुलतान जखमी होऊन परतला. हुन्यादी मात्र तीनच आठवड्यांत प्लेगनं गेला.

मला खरं अस्वस्थ करते ती पुढची हकिगत. १५१४मध्ये पुन्हा तुर्कांविरुद्ध शेतकऱ्यांची फौज गोळा झाली. नेता होता दोझा, सरहद्दीवरचाच शिपाईगडी. ऐन हंगामात कुळं निघून गेल्यानं जमीनदार चिडले, मोहीम थांबवण्यात आली, तेव्हा ती फौज जमीनदारांवरच उलटली. बंड मोडलं. दोझाला तापवलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून मारलं. शेतकऱ्यांना जमिनीशी कायमचं बांधणारे आणि हत्यार बाळगायला बंदी करणारे कायदे झाले.

१५२१मध्ये सुलतान सुलेमान त्याच बेलग्रेडसमोर आला. आत जेमतेम सातशे माणसं होती, तीही पगार थकलेली. या वेळी विळे-कोयते घेऊन कुणी आलं नाही. ऑगस्टअखेर किल्ला पडला. पाचच वर्षांनी मोहाचच्या लढाईत हरून पळताना हंगेरीचा राजा बुडून मेला.