गिझरचा थर्मोस्टॅट बंद पडल्यास

गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यातील पादरा हा पूर्वी बडोदे संस्थानाचा भाग होता. येथील घरांना मध्य गुजरात वीज कंपनी वीजपुरवठा करते. गोव्याप्रमाणेच तेथेही घरगुती विद्युतदाब 230 व्होल्ट असल्याने गिझरच्या तपासणीचा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

2,000 वॅटचा गिझर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. दिवा लागत नसल्यास आधी घरातील वीज, मग स्विच व एमसीबी पाहावा. एमसीबी किंवा आरसीसीबी पुन्हा पडत असल्यास गिझर वापरू नये. कॉइलमध्ये बिघाड संभवतो.

वीज येऊनही पाणी तापत नसल्यास थर्मोस्टॅट, कॉइल किंवा कटआउट यांपैकी काही निकामी झालेले असते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की कटआउट वीज तोडतो. अनेक गिझरांत तो बटण दाबून पूर्ववत करता येतो. मात्र झाकण उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद हवा आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. कटआउट पुन्हा पडल्यास थर्मोस्टॅट बदलावा.

थर्मोस्टॅट वगळून वायर थेट जोडणे जिवावर बेतू शकते. पाणी उकळत राहते, वाफेचा दाब वाढतो आणि सुरक्षा झडप तुंबलेली असल्यास टाकी फुटते.