धडकेनंतर पादचाऱ्याचा देह कोठे जातो?

‘भरधाव मोटारीने पादचाऱ्यास उडविले’ हे वाक्य वृत्तपत्रांत नित्य वाचावयास मिळते. प्रत्यक्षात माणूस आधी उडत नाही. त्याचे पाय त्याच्याखालून ओढले जातात.

साध्या मोटारीचा बंपर प्रौढ माणसाच्या गुडघ्याच्या आसपास लागतो. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र कमरेच्या पातळीवर असतो. त्यामुळे पाय मोटारीबरोबर पुढे जातात, धड जडत्वाने जागीच राहू पाहते आणि देह बॉनेटवर आडवा होतो. प्रथम मांडी व कंबर, मग खांदा आणि शेवटी काचेवर किंवा तिच्या कडेवर डोके आदळते. शहरातील नेहमीच्या वेगाला हे सारे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत आटोपते. चालकाने ब्रेक दाबला की मोटार मंदावते, देह मंदावत नाही. तो पुढे फेकला जाऊन रस्त्यावर घसरत जातो. वेग फार असेल आणि ब्रेक लागलाच नाही, तर देह टपावरून मागेही पडतो.

बस किंवा मालमोटार यांचा दर्शनी भाग उभ्या भिंतीसारखा असतो. तेथे बॉनेटवर आडवे होणे नाही. सारा देह एकदम पुढे ढकलला जातो आणि त्याच वाहनाच्या चाकांपुढे पडतो. लहान मुलाच्या दृष्टीने साधी मोटारही अशी भिंतच होय.

या गतीचा उपयोग तपासात होतो. ब्रिटनमधील सर्ल यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, धडकेची जागा आणि देह थांबल्याची जागा यांतील अंतरावरून किमान वेग काढता येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरल्यास १० मीटर अंतराला ताशी सुमारे ३५ किलोमीटर, तर २० मीटरला सुमारे ४९ किलोमीटर वेग येतो. रस्ता ओला असल्यास घर्षण कमी धरावे लागते. देह वाहनाखाली फरफटत गेला असेल, तर मात्र हे गणित लागू पडत नाही.

अडचण असते ती धडकेची नेमकी जागा ठरविण्याची. छायाचित्रांत हमखास दिसणारी एकटी चप्पल येथे फसवी ठरते, कारण तीही फेकली गेलेली असते. खरा पुरावा म्हणजे तळव्याच्या घासण्याची डांबरावर उमटलेली खूण. ती रहदारीने लवकर पुसली जाते. म्हणून पंचनाम्यापूर्वीच तिच्याभोवती खडूने रेघ ओढावी. जखमीला उचलणे अर्थातच त्याही आधी. तो पडला होता ती जागा विटेच्या तुकड्याने दाखविली तरी पुरते.